फेरीतली शेवटची बाग

कृषी खात्याच्या तपासनिसाने संत्र्याच्या बुंध्याजवळची माती बोटांनी बाजूला सारली, चाकूच्या टोकाने साल खरवडली आणि नाक जवळ नेऊन वास घेतला. शेजारच्या झाडापाशी जाऊन त्याने तेच केलं, मग त्याच्या पलीकडच्या झाडापाशीही. आक्का त्याच्या मागोमाग फिरत होत्या आणि आक्कांच्या मागे त्यांचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणायचं ते आपलं आक्कांच्या हिशेबाने, एरवी तोही आता गुडघ्याला पट्टा बांधून चालायच्या वयाचा झाला होता.

"मूळकूज आहे," तपासनीस उभा राहत म्हणाला. "हा डिंक दिसतोय ना आजी, तो नुसता वरचा. खरा घोटाळा खाली आहे. साल बघा, आतून चॉकलेटी पडलीय. मुळं गेली."

"कुठल्या झाडाची?"

"सगळ्याच."

आक्कांनी पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. "औषध काय घालायचं?"

"एखाददुसरं झाड असतं तर लेप लावून बघितलं असतं. आता मातीच बाधलीय. झाडं मुळासकट काढायची आणि इथंच जाळायची. बाहेर न्यायची नाहीत. तुमच्या खालच्या अंगाला लोकांच्या बागा आहेत, पाऊस झाला की इथलं पाणी तिकडंच जाणार. पुढच्या आठवड्यात मी बघायला येईन."

"अरे, पण माझ्याकडं आली कुठून ही? मी बाहेरून कधी रोप आणलं नाही, माती आणली नाही."

"चिखलातून येते आजी. बुटांच्या तळव्याला लागून. बाहेरची माणसं येतात का बागेत?"

भावाने आपल्या बुटांकडे बघितलं. आक्कांनी बघितलं नाही. त्या म्हणाल्या, "चहा टाकते, घेऊन जा," आणि घरात गेल्या.

या भावाला सगळे छत्रीवाले म्हणत. बागांच्या फेऱ्या काढणं हा त्यांचा धंदा. झाडांची हौस असलेली माणसं बसमध्ये भरायची, सकाळी एखादी सार्वजनिक बाग दाखवायची, दुपारी कुणाच्या बंगल्यामागची खासगी बाग, आणि संध्याकाळी सगळ्यांना पुन्हा बसस्टँडवर सोडायचं. गर्दीत कुणी हरवू नये म्हणून ते पिवळी छत्री उंच धरून पुढे चालत. ऊन असो, ढग असो, छत्री उघडीच. बागवेड्या माणसांना वळण लावणं म्हणजे मांजरांची दिंडी काढणं. एक जण पान चावून बघतो, दुसरा मातीत बोट खुपसून बसतो, नवराबायको एका फुलाच्या नावावरून बस सुटेपर्यंत भांडतात. एक बाई तर कुठल्याही झाडापुढे उभी केली की म्हणायची, "हे माझ्याकडे आहे." दुर्मिळातलं दुर्मीळ झाड दाखवा, आहेच. छत्रीवाले आणि बसचा ड्रायव्हर तिला आपसात आहेबाई म्हणत. एकदा कुंपणावर 'सावधान, कुत्रा' अशी पाटी होती, तर ड्रायव्हर हळूच म्हणाला, "विचारा, हाही असेल." दोघं दिवसभर हसत होते.

फेरीतली शेवटची बाग नेहमी आक्कांची असे. मोठमोठ्या बागा बघून माणसं दमलेली असत, पण आक्कांचं फाटक उघडलं की सगळ्यांच्या चेहऱ्यावर तरतरी येई. मागच्या अंगणात संत्र्यांची झाडं, आक्कांनी आणि यजमानांनी लग्नानंतर लावलेली. मूलबाळ झालं नाही, झाडं झाली. यजमान गेल्यावर छत्रीवाल्यांना वाटलं होतं, आक्का आता उठत नाही. ती उठली ती या फेऱ्यांमुळे. माणसं येणार म्हटल्यावर पार सारवायला नको का, फांद्या छाटायला नकोत का? एकटी बाई त्या दिवशी नवरीच्या आईसारखी लगबगीत असायची.

कडक शिस्तीच्या बागांमध्ये फाटकाशी औषधी पाण्याचा पसरट पत्र्याचा ट्रे ठेवलेला असतो. त्यात बूट बुडवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचं. एका बागेची माती दुसऱ्या बागेत जाऊ नये म्हणून. छत्रीवाले असा ट्रे बसमध्येच बाळगत. गेल्या मोसमात असेच ते सकाळी नदीकाठच्या बागेतून आले होते. तिथे चिखल होता, माणसांचे बूट भरले होते. आक्कांच्या फाटकाशी त्यांनी ट्रे मांडला आणि पाणी ओतलं, तशा आक्का तरातरा बाहेर आल्या.

"हे काय रे धाकट्या? माझ्या दारात पाहुण्यांना पाय बुडवायला लावतोस? गुरं आहेत का ती?"

"आक्का, सगळीकडे करतात."

"सगळीकडं तिकीट घेतात. माझ्याकडं माणसं येतात. उचल तो ट्रे. या हो, या, चहा निवतोय."

पाहुणे हसले. एका गृहस्थाने तर टाळी वाजवली. छत्रीवाल्यांनी ट्रे उचलून बसखाली सरकवला. आक्कापुढे त्यांचं लहानपणी चाललं नव्हतं, मग आता काय चालणार? आणि खरं सांगायचं तर पाहुण्यांसमोर बहिणीच्या मायेची ही मिजास त्यांनाही जरा आवडली होती.

तपासनीस चहा पिऊन गेला. आता आक्का बोलेल, म्हणून छत्रीवाले पाराच्या कडेला बसून राहिले. तिने म्हणावं, तू आणलीस ही पीडा. किंवा म्हणावं, मी तुला ट्रे उचलायला लावला, चूक माझी. काहीही म्हणावं. पण आक्का कप विसळत राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, "रविवारी किती जणांचा चहा ठेवू?"

"आक्का, रविवार रद्द करतो मी."

"कशाला? माणसांनी आधीपासून ठरवलंय. लांबून येतात."

"काय दाखवू त्यांना? पिवळी पानं?"

"आहे ते दाखव. वर्षभर चांगलं तेवढं दाखवलंस, आता हे दाखव." आणि मग जरा थांबून, "काढायच्या आधी कुणीतरी बघू दे रे त्यांना."

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर छत्रीवाले मान खाली घालून ऐकून हलके झाले असते.

उरलेले दिवस त्यांनी जिवाचं रान केलं. ज्या ज्या बागेत त्यांची छत्री ओळखीची होती, तिथल्या माणसाला गाठलं. सार्वजनिक बागेच्या अधीक्षकाने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमचीही गेल्या वर्षी काढली हो, नदीकडची. बोललो नाही कुणाला." रोपवाटिकेवाल्याने एक डबाभर औषध दिलं आणि वर सांगितलं, उपयोग होणार नाही. तरीही छत्रीवाल्यांनी ते बादलीत कालवून प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी ओतलं, गुडघा दुखत असताना, वाकून वाकून. आक्का खिडकीतून बघत होत्या. त्या अडवायला आल्या नाहीत, हेच छत्रीवाल्यांना लागलं. ज्याने काही होणार नाही ते माणूस करत असलं की आपण अडवत नाही.

रविवारी बस आली. छत्री फाटकाशी येऊन उभी राहिली आणि छत्रीवाल्यांनी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "ही आपल्या फेरीतली शेवटची बाग." पुढचं वाक्य त्यांना फुटेना. इतकी वर्षं ते वाक्य 'आणि सगळ्यांत प्रेमाची' असं होतं. आक्काच पुढे झाल्या. त्यांनी इस्त्रीचं पातळ नेसलं होतं. फाटकाशी ट्रे मांडलेला होता, पण आतल्या बाजूला.

"आत येताना नाही, जाताना बुडवा पाय," त्या म्हणाल्या. "माझी झाडं आजारी आहेत. तुमच्या घरी काही जायला नको."

एरवी चिवचिवाट करणारी माणसं एकेका झाडापाशी आजाऱ्याच्या खाटेपाशी थांबावं तशी थांबू लागली. पानं चावणाऱ्याने आज पान तोडलं नाही. आक्का सांगत होत्या, हे पहिलं लावलेलं, हे वादळात मोडलं होतं आणि पुन्हा फुटलं, याची फळं आंबटच, पण मुरंब्याला हेच लागतं. बोलताना त्यांचा हात बुंध्यावरून फिरत होता, डिंक चुकवून.

आहेबाई मागे राहिली होती. ती एका झाडापुढे खाली बसली, डिंकाचा थेंब तिने निरखून बघितला, बुंध्याजवळची साल बघितली. छत्रीवाले जवळ गेले.

"हे माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

छत्रीवाल्यांना सवयीने हसू यायला लागलं आणि तिथेच विरलं. बाईचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझ्या लिंबांना. असाच डिंक, अशीच साल. मला वाटलं पाणी जास्त झालं." तिने आक्कांकडे बघून आवाज खाली आणला. "गेल्या वर्षी त्यांनी रोप दिलं होतं ना मला, डब्यात लावलेलं. ते मी लिंबांच्या मधोमध लावलं. आधी ते वाळलं."

गेल्या मोसमात निघताना आक्कांनी प्रत्येकाच्या हातात संत्र्याचं रोप ठेवलं होतं. बी रुजवून, बागेतली माती घालून, जुन्या डब्यांत वाढवलेली रोपं. चिखलाची फेरी होऊन गेल्यानंतर आणखी दोनतीन बसगाड्या आल्या होत्या, आणि त्यांनाही रोपं दिली होती. रोपांसाठी डबे गोळा करून आणणारे छत्रीवालेच.

"त्यांना नका सांगू," ते म्हणाले.

पण आक्का मागे उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. झाडं जाळायची म्हटल्यावर ज्या बाईने चहाचं विचारलं होतं, तिने आता डिंकाकडेही न बघता बुंध्याला हात टेकला. छत्रीवाल्यांनी छत्री टाकून तिला धरलं.

"मी हातानं दिली रे," त्या म्हणाल्या. "एकेकाला बोलावून दिली. नको म्हणाले त्यांनाही दिली."

आहेबाई रडू लागली. लिंबांसाठी की आक्कांसाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आक्का फोन मांडीवर घेऊन बसल्या. "नंबर दे सगळ्यांचे. मी सांगते, उपटा म्हणून."

रविवारी आलेल्यांना तिथेच सांगून झालं होतं, पण बाकीच्यांचे नंबर कुठून असणार? माणसं बसायची, बघायची, उतरून जायची. छत्रीवाल्यांना ती नावानिशी ठाऊक नव्हती, सवयींनी ठाऊक होती. मातीत बोट खुपसणारे, भांडणारे नवराबायको, फुलांशी बोलणारी मुलगी. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, याला विचारलं, त्याला विचारलं, आणि कसेबसे थोडे नंबर हाती आले. आक्कांनी पहिला फोन लावला. पलीकडून एक म्हातारे गृहस्थ इतके खूश झाले की आक्कांना बोलूच देईनात.

"तुमचं रोप काय सुंदर फोफावलंय! नातीनं त्याला तुमचं नाव ठेवलंय, आक्का म्हणते त्याला!"

"अहो, ते उपटून टाका. जाळा लगेच. रोग आहे त्यात."

"छे छे, काहीतरीच काय! हिरवंगार आहे."

"वरून हिरवंच दिसतं. पाया पडते तुमच्या, उपटा."

"तुम्ही हातानं दिलेलं झाड मी उपटू? अहो आक्का, जमायचं नाही ते. आम्ही जिवापाड जपलंय." आणि त्यांनी प्रेमाने फोन ठेवला.

दुसऱ्या बाईने "बरं बरं" म्हटलं, पण बरं बरं कसं म्हणतात ते आक्कांना कळत होतं. तिसऱ्याला वाटलं, म्हाताऱ्या बाईचं चित्त थाऱ्यावर नाही. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "विश्रांती घ्या हं." छत्रीवाल्यांनी फोन हातात घेऊन स्वतः सांगून बघितलं. त्यांनाही तेच. रागावून सांगितलं तर माणसं दुखावली, हळू सांगितलं तर पटलं नाही. आणि जी माणसं सापडलीच नाहीत, त्यांचं काय? कुठल्या कुठल्या अंगणांत, गच्च्यांवर, कुंपणांच्या कडेला आक्कांची माया रुजली होती आणि खाली जमिनीत आपलं काम करत होती. छत्रीवाल्यांनी कपाळाला हात लावला. सांगायचं तरी कुणाकुणाला?

"राहू दे," शेवटी आक्का म्हणाल्या. "चल, झाडं काढू."

खोदायला आणलेली माणसं पटाईत होती. एकेक झाड आडवं होत गेलं. मुळं वर आली ती काळी, बोटांनी चिमटली की साल हातात यायची. तपासनीस येऊन बघून गेला, ठीक आहे म्हणाला. अंगणात मोठा ढीग झाला. आक्कांनी छत्रीवाल्यांना पेटवू दिलं नाही, काडी त्यांनीच ओढली.

ओला पाला आधी नुसता धुमसला. मग फांद्या तडतडू लागल्या, पानांतलं तेल सुटलं, आणि सगळ्या अंगणात संत्र्याचा वास भरला. दाट, गोड, सणसणीत. फुलांच्या दिवसांतसुद्धा इतका वास कधी सुटला नव्हता. तो भिंतीवरून पलीकडे गेला, रस्त्यावर गेला. छत्रीवाल्यांच्या डोळ्यांना पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि धुराचं निमित्त होतं म्हणून त्यांनी त्या पुसल्या नाहीत.

भिंतीपलीकडून शेजारणीने मान वर काढली. ती नुकतीच राहायला आली होती.

"अहो आक्का, काय सुरेख वास सुटलाय! काय करताय काय?"

आक्कांनी काठीने एक फांदी आत ढकलली.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "पाला जाळतेय. वाळत घातलेले कपडे असतील तर काढून घे, धूर बसेल."