ठेंगणीच्या पोटात सिमेंट

मी ठेंगणी बोलतेय. आज सकाळपासून फाटकाजवळच्या ओट्यावर जिच्यासोबत तुम्ही सेल्फी काढताय ना, तीच हिरव्या रंगात न्हालेली. पाटीवर त्यांनी ‘आमचा वारसा’ असं लिहिलंय. मला कुणी विचारलं नव्हतं.

मी वाफेचं इंजिन. मेलगाड्या ओढणाऱ्या थोरल्या बहिणींपुढे मी म्हणजे म्हशीशेजारी शेळी, म्हणून नाव पडलं ठेंगणी. खापरखेड्याजवळच्या या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मी कोळशाच्या वाघिणी ओढल्या. नागपूरचा मे महिना, वरून पोटात जाळ, पण कधी कुरकुर केली नाही. खोटं कशाला बोलू, केली, पण देवरावपाशीच.

देवराव माझा ड्रायव्हर. दर वर्षी बॉयलर धुऊन झाला, की माझ्या गार पोटात पहिला जाळ त्याच्या घरच्या चुलीतल्या निखाऱ्यांनी पेटायचा. त्याची बायको रुख्माबाई घमेल्यात निखारे आणायची आणि म्हणायची, "घे वं बाई, हे तुह्या माहेरचं." काडेपेटी कधी लागली नाही.

मग डिझेलचं इंजिन आलं आणि मी शेडमागच्या बाभळीत जाऊन पडले. पंचवीस वर्षं! कुत्र्या माझ्याखाली व्यायच्या. निवृत्त झालेला देवराव तेवढा रविवारी येऊन बसायचा.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या रितिका मॅडमनी त्याला शब्द दिला, की कारखान्याच्या वर्धापनदिनी ठेंगणी पुन्हा वाफेवर चालेल, फाटकाजवळच्या रुळावर दहा पावलं का होईना. बाई मनाच्या चांगल्या, हे सांगायलाच हवं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा देवराव कंबर कसून कामाला लागला. धूर जायच्या गंजक्या नळ्या त्यानं एकेक करून मोकळ्या केल्या. बॉयलर तपासणीतही पास झाला. या वयात मलाही हाव सुटली.

शेवटच्या महिन्यात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याला घरी बसावं लागलं. तेवढ्यात रंगवणारा ठेकेदार आला.

आज सकाळी देवराव घमेलं घेऊन हजर. घरी आता गॅस, पण रुख्माबाईनं मुद्दाम शेगडी पेटवली होती. त्यानं माझ्या भट्टीचं दार उघडलं, आत हात घालून चाचपलं. नळ्यांची तोंडं बुजलेली.

"हे काय वं पोरी?" त्यानं शेजारी उभ्या रितिका मॅडमना विचारलं.

"काका, कबुतरं घरटी करून राहिली होती नळ्यांत. ठेकेदाराले सिमेंट भरायले सांगितलं. जाळ तर खाली भट्टीतच लागते ना?"

"अन् धूर कुठून जाईन? काहून मले नाही विचारलं?"

"तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, काका. म्हटलं, कायले त्रास द्यायचा." मॅडमचा चेहरा पार उतरला होता.

तोवर मोठे साहेब आले. धूर दिसावा म्हणून कुणीतरी माझ्या धुरांड्यात धूप ठेवला, स्पीकरवर कुठल्याशा अगडबंब इंजिनाची शिट्टी लावली. टाळ्या पडल्या. माझा आवाज तसा नव्हता हो! बारीक होता, देवराव लांबून ओळखायचा.

त्यानं निखारे बागेच्या नळाखाली धरले आणि रिकामं घमेलं घेऊन निघाला.

मला आता जपणार म्हणता, तर जपा बापडे. दर दिवाळीला रंग फासा. माझं मागणं एवढंच आहे: साहेबांना सोडून गाड्या परत आल्या असतील, तर त्यातली एक खापरखेड्याच्या रस्त्याला पाठवा. म्हातारा उन्हात पायी चाललाय, आणि त्याला अजून नीट दिसत नाही.