पाठीचा अर्ज

"बाबा, तुमच्या गावच्या शाळेचा पत्ता हाच ना?"

लेकीने कागद त्यांच्या नाकासमोर धरला. ते स्वयंपाकघरात जमिनीवर, पाठीखाली फळी घेऊन उताणे पडले होते. कामावरून आल्यावर अर्धा तास असं पडल्याशिवाय त्यांना खुर्चीत बसता येत नसे.

"शाळा कशाला मध्येच?"

"कारण तुमच्या कंपनीच्या डॉक्टरने काय लिहिलंय, माहितीये? 'वयोमानानुसार झीज'! एकोणसाठाव्या वर्षी कसलं डोंबलाचं वयोमान? चौतीस वर्षं ओल्या चादरी उपसून पाठीचा भुगा झालाय, आणि हे म्हणतात वय झालं. मी सोडणार नाही त्यांना. भरपाई तर घेईनच, वर बसून करायचं काम द्यायला लावीन."

लेक विमा कंपनीत दावे तपासायची. त्यामुळे कुठला कागद कुठे जोडायचा हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिने बापाच्या पाठीचा अर्ज आठवड्यापूर्वीच कामगार कचेरीत देऊन टाकला होता.

"वयाचा पुरावा मागितलाय त्यांनी. इथल्या सगळ्या कागदांवर तुम्ही तोंडी सांगितलेलीच तारीख आहे. म्हटलं, मुळातला दाखला जोडावा. शाळेशी फोनवर बोललेय मी, आज पत्रही टाकते. पत्र मिळताच मुख्याध्यापक दाखला पाठवतील."

गॅसपाशी बायकोच्या हातातला डाव थांबला. फळीवर पडलेल्या आजोबांनी डोळे मिटून घेतले.

खरं तर नातवंडांचा अजून पत्ता नव्हता, पण हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात सगळे त्यांना आजोबाच म्हणत. कागदावर एकोणसाठ, चेहऱ्यावर सत्तर, अशी थट्टा रोज चाले. "आजोबा, निवृत्तीला किती राहिली?" कोणी विचारायचं. "सहा वर्षं," ते सांगायचे. "बाप रे, तोवर आम्हीच म्हातारे होऊ!" मग सगळे हसायचे आणि आजोबाही हसायचे. यंत्रात धुऊन निघालेल्या चादरी एकमेकींत पिळून, गुंतून बसलेल्या असत. वाकून आत हात घालायचा, ओढायचं, वळायचं, गाडीत टाकायचं, गाडी वाळवणीच्या यंत्रापर्यंत ढकलायची. दिवसभर हेच. गेल्या महिन्यात वळताना एकदा कंबरेत अशी कळ आली की चादर हातात धरून ते पाच मिनिटं जागच्या जागी उभे राहिले. मुकादमाला वाटलं, आजोबा डाग तपासतायत.

चौतीस वर्षांपूर्वी या देशाला माणसं हवी होती, पण तिशीच्या आतली. भरतीच्या रांगेत आजोबा एकतीस वर्षांचे होते. घरी वर्षाची पोर होती आणि विकायला काही उरलं नव्हतं. पुढचा माणूस मागे वळून कुजबुजला, "तिशीच्या वर घेत नाहीत हां. कमी सांगा." आजोबांची पाळी आली. टेबलामागच्या बाईने वय विचारलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पंचवीस." त्यांचं त्यांनाच कळेना. दोन वर्षं कमी सांगूनही भागलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला खोटं बोलताना माप राहत नाही. बाईने मान वर न करता लिहून घेतलं.

दोन वर्षांनी बायको आणि तीन वर्षांची लेक मागून आल्या. बायकोला कोणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, म्हणून तिने आपलं वय खरं लिहिलं. प्रत्यक्षात ती त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण कागदावर दोन वर्षांनी थोरली झाली. लेक मोठी झाल्यावर चिडवायची, "आई, तू मोठी असून बाबांना अहोजाहो काय करतेस गं?" बायको म्हणायची, "त्या काळी मागणी होती मला!" आणि रात्री, लेक झोपल्यावर, नवऱ्याला टोमणा मारायची, "सहा कशाला कापलीत हो? दोन पुरली असती." हा विनोद त्यांनी तीस वर्षं पुरवून वापरला. अलीकडे, आजोबांना मोजे घालायला वाकता येईना तेव्हापासून, तिने तो बंद केला होता.

पहिल्या कागदावर खोटं निघालं की त्यावर उभे राहिलेले सगळे कागद कोसळणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. आजकाल तर कचेऱ्यांतून जुन्या फायली उकरून काढायचं खूळच निघालं होतं. शेजारच्या चौकातल्या शिंप्याला अठ्ठावीस वर्षांनी देश सोडायची नोटीस आली होती.

"ते दाखल्याचं राहू दे," आजोबा फळीवरून म्हणाले. "अर्जच राहू दे."

"का म्हणून?" लेक उसळली. "तुम्ही आयुष्यभर मान खाली घालून राहिलात, म्हणून त्यांचं फावलं. ह्या वेळी मी आहे."

तिची बाजू खरी होती. पाठ खरोखरच त्या चादरींनीच खाल्ली होती.

दोन आठवड्यांनी, रविवारी, लेक न कळवता आली. बूट काढले नाहीत, सरळ खुर्चीत बसली आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

"आला दाखला. पण शाळेने घोळ घातलाय. जन्मसाल सहा वर्षं मागचं टाकलंय. उद्या फोन करते, सुधारून देतील."

आजोबांनी कागद घेतला. मुख्याध्यापकाचं अक्षर सुबक होतं. 'हो, घोळच आहे' एवढंच म्हणायचं होतं, की सुटले असते. लेक फोन करणार, तिकडे कोणीतरी जुनी वही पुन्हा काढणार, पुन्हा तेच साल निघणार. मग ती इथल्या कचेरीत जाऊन भांडणार. आपल्या बापाच्या खोट्यासाठी, ते खरं समजून. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने किंचित मान डोलावली.

"शाळेचं बरोबर आहे," आजोबा म्हणाले.

लेक हसली. मग तिचं हसू मावळलं. तिने कागद परत घेतला, पुन्हा वाचला.

"म्हणजे तुम्ही पासष्ट…"

"गेल्या महिन्यात पूर्ण झाली."

त्यांनी रांगेतलं सगळं सांगितलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. एवढ्याशा गोष्टीला आपण चौतीस वर्षं छातीशी धरून बसलो, याची त्यांनाच लाज वाटली.

"आणि मी?" लेकीचा आवाज चढला. "मी कशावर आले इथे?"

"माझ्या कागदांवर."

"एकदा तरी सांगायचं होतंत, बाबा!"

"तुला नागरिकत्वाची शपथ घ्यायची होती, नोकरीचे फॉर्म भरायचे होते. तुला ठाऊक असतं तर दर वेळी तुला खोटं लिहावं लागलं असतं. ठाऊक नव्हतं, म्हणून तू जे लिहिलंस ते खरंच लिहिलंस."

लेकीने तोंडावर हात घेतला आणि लहानपणी रडायची तशी हमसून रडली. "तुमचं निवृत्तीचं वय झालंय, बाबा. तुम्ही आता घरी बसायला हवं होतं. अजून सहा वर्षं कशी काढणार तुम्ही?"

"निघतील," आजोबा म्हणाले. कशी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

बायकोने उठून लेकीचे बूट काढले आणि तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

अर्ज मागे घ्यायला अर्जदाराने स्वतः यावं लागतं, असं कचेरीतून सांगण्यात आलं. बुधवारी आजोबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. फॉर्मवर एकच मोठा रकाना होता: माघारीचं कारण. लेक पेन हातात धरून बसून राहिली. दावे तपासणाऱ्या बाईला कुठलं कारण नाक न मुरडता मान्य होतं हे माहीत असणारच. तिने लिहिलं, 'प्रकृती सुधारली आहे', आणि फॉर्म बापापुढे सरकवला. आजोबांनी सही केली.

खिडकीतला कारकून तरुण होता आणि वाईट नव्हता. त्याने फाईल उघडली, पाठीचा एक्स-रे उजेडासमोर धरला, मग फॉर्म वाचला.

"तीन आठवड्यांत बरे झालात?"

"हो."

"दुखत नाही आता?"

"नाही, साहेब."

"वाकताना, उचलताना?"

"मुळीच नाही."

कारकून त्यांच्याकडे बघत राहिला. "एकदा अर्ज मागे घेतला की याच दुखण्यासाठी पुन्हा करता येत नाही, आजोबा. कळतंय ना?"

"कळतंय."

त्याने शिक्का मारला. आजोबांनी खिडकीच्या कडेवरचा हात काढला. तास-दीड तास लाकडी बाकावर बसल्याने पाठ जखडून गेली होती, आणि बाहेरचं दार लांबलचक दालनाच्या पार पलीकडच्या टोकाला होतं. कारकून अजून काचेमागून पाहत होता. लेकीचा हात सवयीने त्यांच्या कोपराकडे गेला, पण तिने तो मध्येच मागे घेऊन कोटाच्या खिशात घातला. आजोबांनी खांदे मागे घेतले, मान वर केली आणि एकोणसाठ वर्षांच्या माणसासारखे ते ताठ चालत दाराकडे निघाले.