जीवराम मास्तरांचा शब्द

चोपड्याच्या तोतारामआबांची कुंदा नवव्या वर्षी बोहल्यावर चढली आणि सासरी नांदायला जायच्या आतच विधवा झाली. पुढची बारा वर्षं तिनं बापाच्या केळीला पाणी भरलं. देश स्वतंत्र झाला, आता पोरीचंही नशीब उघडावं, म्हणून आबांनी तिचा पाट लावायचं मनावर घेतलं. पाट म्हणजे विधवेचं लग्न. ते रात्री लावायचं, वाजंत्री नाही, सवाष्णींनी तिकडे फिरकायचं नाही. जसं काही चोरीच चाललीय! कुंदानं तेही गिळलं, कारण तिला स्वतःचं घर हवं होतं.

बघायला आला पाचोऱ्याचा लोटन पाटील. दोन बायका मातीआड केलेला, तीन पोरांचा बाप. मध्यस्थ होते शाळेचे जीवराम मास्तर. कुंदा चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मास्तर घसा खाकरून म्हणत होते, "पाटील, विधवा ती नावापुरती. मुलगी अक्षत आहे, हा माझा शब्द."

लोटननं बाजारात गोऱ्हा बघावा तसं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि समाधानानं मान डोलावली.

कुंदाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"गुरजी, अक्षत म्हंजे काय?"

मास्तर चपापले. "म्हणजे... न मोडलेलं. कुणाचा हात न लागलेलं."

"मंग पाटील अक्षत शेतस का?"

"कुंदे, घरात जा!" आबा ओरडले. ती जागची हलली नाही.

"पोरी, तो शब्द पुरुषाला लावत नाहीत," मास्तर म्हणाले.

"कसाले?"

साऱ्या गावाला शहाणपण शिकवणारा माणूस टोपी काढून पुन्हा डोक्यावर बसवू लागला. लोटन तर आढ्याकडे बघत बसला होता.

"बारा वरीस मी वावरमा राबनू, ते सांगं नही तुम्हीन. कोना हात लागना नही, तेवढंच सांगं!" कुंदा म्हणाली. आबांनी हात जोडले, मास्तरांना की तिला, कुणास ठाऊक. एक घर हातातून चाललं होतं आणि ते तिला कळत होतं.

तिनं पदर सावरला, कपबशी लोटनच्या पुढ्यात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, शेवटच्या शब्दावर जोर देत म्हणाली,

"चहा ल्या, लोटनभाऊ."