कुंकू लावलेला डबा

"मशीन बंद करायच्या आधी मी समद्या फिती तपासणार. मगच तुमची पूजा."

माझं ऐकून स्टोअरकीपर भाऊसो हळदीकुंकवाची वाटी घेऊन उभाच राहिला. खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती, म्हणून आमच्या साखर कारखान्यातला संगणकही वर्षातून या एकाच दिवशी पूर्ण बंद होतो. दसऱ्याला तो जागा करायचा, तर भोकं पाडलेली एक ठरावीक कागदी फीतच लागते. बाकीच्या फितींवर नुसती उसाची वजनं. गेल्या दसऱ्याला सांगलीहून इंजिनिअर स्वतःची फीत घेऊन आला होता. यंदा येणार नव्हता. मशीन उठलं नाही तर लीलाबाई, तुम्ही पोती शिवायला, असं मॅनेजरनी मला सरळ सांगून ठेवलं होतं.

"आवं, कुंकू लावलेला डबा ह्यो काय! त्यातच ती फीत हाय. गेल्या साली मीच पूजलीया."

"कुंकू डब्याला लावलंय. आत काय हाय ते मशीन सांगंल."

गेल्या साली पूजेच्या वेळी मला दाराबाहेर उभं केलं होतं. नवरा लढाईत गेला म्हणून मी अपशकुनी. वर्षभर मशीन चालवताना मात्र चालते! तेव्हा राग गिळला होता. यंदा गिळणार नव्हते.

डब्यातली फीत लावली आणि ही कसली फीत, असं विचारणारा हुकूम टाइप केला. खडखडत कागदावर उत्तर उमटलं: डेटा.

भाऊसोचा चेहरा पडला. "पूजेला समद्या फिती ताटात काढल्या व्हत्या," तो पुटपुटला. "भरताना कुठली कशात गेली, कुणाला ठावं."

मी एकेक लावत गेले. डेटा. पुन्हा डेटा. शेवटी एका चेपलेल्या डब्यातली फीत लावली. कागदावर आलं: स्टार्ट.

"ती वाटी हिकडं द्या."

"लीलाबाई, आवं तुमी कसं..."

"मीच."

त्यानं वाटी दिली. मी मशीनला ठसठशीत कुंकू लावलं आणि खटका बंद केला.

दसऱ्याला मशीन पहिल्याच दमात उठलं. मॅनेजर आपट्याची पानं घेऊन आत आले. कुंकवाकडे बघत म्हणाले, "यंदा पूजा कुणी केली?"

भाऊसो वाकून फितींचे डबे रचू लागला.

"मी केली," मी म्हणाले आणि सोनं घ्यायला हात पुढं केला. बोटाचं कुंकू मी अजून धुतलं नव्हतं.