बाबा बोलतात तेव्हा लॅपटॉप झोपतो

देवळीत त्या काळी कुणाचा कॉम्प्युटर अडला की माणसं मलाच शोधत यायची, आणि यात मी काही फुगवून सांगत नाही. बसस्टँडमागच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे. प्रिंटर रुसला, व्हायरस घुसला, कुणी पासवर्ड टाकून विसरून गेला, की "अपेक्षा मॅडमले बलाव" हे ठरलेलं. अशा माझ्या स्वतःच्या लॅपटॉपने माझंच नाक कापावं, तेही बाबांसमोर, हे मी कसं सहन करणार?

साल दोन हजार सात. माझे बाबा, चंद्रभान, मार्केट यार्डात हर्रास बोलायचे. लिलावाला आमच्याकडे हर्रास म्हणतात. सोयाबीनच्या ढिगापाशी उभं राहून व्यापाऱ्यांची बोली पुकारायची आणि भाव चढवत न्यायचा, हे त्यांचं काम. आवाज असा की यार्डातून हाक मारली तर रस्त्यापलीकडे बैल सोडून बसलेला शेतकरी दचकून उठायचा. घरातही तोच आवाज. माझी आई विमलाबाई त्यांना प्रत्येक वाक्याला उलट वाक्य द्यायची, त्यामुळे आमच्या घरात भांडण चाललंय की गप्पा, हे शेजाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

दसऱ्यानंतर बाबांचा आवाज बसला तो उठेचना. नागपूरच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. गळ्यात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. खाट रिकामी झाली की फोन करू, तोवर कमी बोला. आयुष्यभर चघळलेल्या तंबाखूच्या खर्र्याने शेवटी दावा साधला होता.

आम्ही एसटीने परत निघालो. केळझर आलं तसे बाबांनी गणपतीच्या टेकडीकडे बघून हात जोडले आणि माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुह्या मशीनमंदी मानसाचा आवाज राह्यते का वं?"

"राहतो ना बाबा."

"मंग भरून घे. हाय तोवर."

कणगीत गहू भरून घे म्हणावं तसं ते म्हणाले. मला रडू आलं, पण मी म्हटलं, "त्याची काळजीच करू नका. ते काम माझं."

आई म्हणाली, "टेप हाय ना घरात, त्याच्यावर भर." आमच्या टेपचा पट्टा सैल झाला होता, त्यात कुणीही बोललं तरी म्हशीने हंबरल्यासारखं ऐकू यायचं. शिवाय गावाला कॉम्प्युटर शिकवणारीने बापाचा आवाज टेपवर भरायचा? मी साफ नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी घरी मी लॅपटॉप मधल्या खोलीत टेबलावर ठेवला, माईक लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं. आणि बाबा लाजले. शेकडो माणसांत ओरडणारा हा माणूस माझ्यासमोर माईकपुढे तोंड उघडेना. "तू जाय भायेर," म्हणाले. "दार लोटून घेजो."

मी बाहेर ओट्यावर बसले. बऱ्याच वेळाने बाबा घाम पुसत बाहेर आले. "झालं. पोटातलं सगळं बोललो."

मी आत गेले तर पडदा काळा. लॅपटॉप गाढ झोपलेला. उठवून ऐकलं तर सुरुवातीचा खोकला, "चालू झालं का वं हे?", बराच वेळ नुसती खाकरखुकर, आणि पुढे काही नाही. त्याला काही मिनिटं कुणी हात लावला नाही की तो झोपायचा. समोर माणूस जीव ओतून बोलतोय हे त्या डबड्याला कसं कळावं? त्याच्या लेखी बटण दाबलं तरच माणूस जिवंत.

"एक सेटिंग राहिली होती," मी म्हटलं. "उद्या क्लासमध्ये करून आणते."

घरी तिथल्या तिथे उघडून बघायला काय झालं होतं, असं कुणी विचारेल. बाबांसमोर सेटिंगमध्ये चाचपडत बसायचं म्हणजे मॅडमला येत नाही हे कबूल करायचं. ते माझ्या स्वभावात नाही.

क्लासमध्ये सकाळी लाइन गेली. भारनियमनात आमची पाळी त्या दिवसांत सकाळची होती. लाइन असली की शिकवायचं आणि गेली की दुरुस्त्या करायच्या, हा माझा शिरस्ता. लॅपटॉप वर्ध्याहून जुना घेतलेला, बॅटरी म्हातारी, पण तेवढ्यापुरती पुरायची. त्यात बनवणाऱ्या कंपनीने पॉवरचा आपला वेगळाच प्रोग्रॅम टाकला होता. तो उघडला, झोपण्याची वेळ काढून 'नेव्हर' केलं, तसाच ठेवून बघितला. बॅटरी संपत येईपर्यंत टक्क जागा. काम फत्ते.

दुपारी घरी बाबा पुन्हा बोलले. लॅपटॉप पुन्हा झोपला.

आता बाबांचा आवाज कालच्यापेक्षा जास्त खरखरीत होता. हे माझ्या लक्षात आलं. कमी बोला असं डॉक्टर सांगत होते, आणि मी त्यांना एका झोपलेल्या डब्यापुढे बोलायला बसवत होते. गेलेलं बोलणं काही परत येणार नव्हतं.

"बाबा, मधूनमधून हा माऊस जरा हलवत जा."

"बोलू का हे हलवून राहू? माह्या दोन्ही गोष्टी एकदम होत नाईत."

सकाळी क्लासमध्ये लाइन गेल्यावर उघडलं, तर 'नेव्हर' जागच्या जागी. ठेवून बघितला, जागाच. घरी नेला, झोपला. जेव्हा बघावं तेव्हा सेटिंग बरोबर आणि जेव्हा गरज तेव्हा पुसलेली! माझं डोकं फिरलं. आधी घरच्यांवर संशय घेतला.

"मी तं त्याच्यावर फडकं बी मारत नाई," आई म्हणाली. "त्याले पाह्यलं की मले बिघडवायचीच भीती वाटते."

माझा मोठा भाऊ कैलास शेतीच बघायचा. तो म्हणाला, "माह्याकडे काऊन पाहून राह्यली? मी दिवसभर वावरात असतो."

मग मी व्हायरस शोधला, सापडला नाही. स्क्रीनसेव्हर काढून टाकला. वर्ध्याच्या दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, "मॅडम, सगळं पुसून नवीन टाका." रविवार घालवून तेही केलं, कंपनीच्या सीडीवरून सगळं जसंच्या तसं परत टाकलं, आणि सोमवारी सकाळी क्लासमध्ये लाइन गेल्यावर पुन्हा 'नेव्हर' केलं. बाबा पुन्हा खोलीत गेले आणि या वेळी अर्ध्यातच बाहेर आले. त्यांनी काळा पडदा स्वतःच बघितला होता.

"जाऊ दे वं पोरी," ते म्हणाले. त्या आवाजात आता निम्मा वाराच होता. "नसन माह्या आवाजाच्या नशिबात."

तोपर्यंत त्यांनी मला कधी 'जाऊ दे' म्हटलं नव्हतं. मला इतका राग आला, लॅपटॉपचा, नागपूरच्या डॉक्टरांचा, सगळ्यांचा, की मी तो उचलून तडक क्लासमध्ये घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना सुट्टी दिली आणि ठरवलं की आज याची उलटतपासणी घ्यायची.

लाइन गेलेलीच होती. मी तो पॉवरचा प्रोग्रॅम उघडून 'नेव्हर' या शब्दाकडे टक लावून बसले. चार्जरची वायर भिंतीतल्या प्लगमध्येच होती. तेवढ्यात लाइन आली. पंखा फिरला, बाहेरच्या पिठाच्या गिरणीने सूर धरला, आणि माझ्या डोळ्यांदेखत पडद्यावरचं पान बदललं. 'नेव्हर' गायब. त्याच्या जागी पाच मिनिटं.

मी वायर उपटली. 'नेव्हर' परत आलं. वायर लावली, पाच मिनिटं. उपटली, 'नेव्हर'.

मी एकटीच मोठ्याने हसले. सेटिंग कुणी पुसत नव्हतं. पानंच दोन होती, एक बॅटरीवरचं आणि एक लाइनवरचं, आणि प्रोग्रॅम ज्या वेळी जे चालू असेल तेच दाखवायचा. मी इमानेइतबारे रोज बॅटरीचं पान दुरुस्त करत होते आणि बाबा बोलत होते लाइनवर. ज्या गावात लाइन असते तिथे कुणी लाइन जायची वाट बघून दुरुस्तीला बसत नाही. आमच्याकडे मात्र हीच शहाणपणाची रीत होती, आणि मी शहाणी ठरले होते! दोन्ही पानांवर 'नेव्हर' केलं आणि घराकडे निघाले. लूना इतकी जोरात कधी चालवली नसेल.

"बाबा, उठा. आता हा मेला तरी झोपणार नाही."

बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, काय दिसलं कोण जाणे, पण उठले. नवा सदरा घालून खोलीत गेले, दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा मी आत डोकावले. पडदा उजळ, रेकॉर्डिंगची रेघ थरथरत होती. मी आनंदाने टाळी वाजवणार, तोच फोन वाजला. खाट रिकामी झाली होती, उद्या सकाळी भरती व्हा.

मग घरात एकच धांदल उडाली. पिशव्या, कागद, चादरी, नातेवाइकांचे फोन. लॅपटॉप कुणाच्याच ध्यानात राहिला नाही. दिवेलागणीला मला आठवलं तेव्हा तो तसाच टेबलावर चालू होता. काय भरलंय ते न ऐकताच मी सगळं सेव्ह केलं आणि बंद केला.

ऑपरेशन चांगलं झालं. बाबा घरी आले ते गळ्याला छिद्र आणि त्यावर पातळ फडकं घेऊन. जीव वाचला होता, तब्येत सुधारत होती, आम्ही देवाचे आभार मानले. पण घर मुकं झालं. काही हवं असलं की बाबा टाळी वाजवायचे. आई लगेच जायची, हवं ते द्यायची आणि परत यायची. उलट बोलायला समोरून काही येतच नव्हतं, मग तीही बोलेनाशी झाली. मला बाबांच्या गप्प बसण्यापेक्षा आईच्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटायला लागली.

एका दुपारी मी तिला जवळ बसवलं. बाबा पलीकडच्या खोलीत झोपले होते. "ऐक, बाबांनी काय बोलून ठेवलंय ते."

रेकॉर्डिंग सुरू झालं. खाकरून बाबा म्हणाले, "आदरणीय बंधू आणि भगिनींनो, माझ्या प्रिय कुटुंबीयांनो. मनुष्याचे जीवन हे क्षणभंगुर आहे..." आणि पुढे बरंच काही, सगळं शुद्ध, सगळं यार्डातल्या सत्कार समारंभात ऐकलेलं. आई कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

"हा कोन बोलून राह्यला?" ती म्हणाली. "सभापती होय का? आपला मानूस कुठी हाय याच्यात?"

एवढी लढाई करून मी एका पाहुण्याचं भाषण जिंकून आणलं होतं. भाषण संपलं, "धन्यवाद" झालं, दार करकरलं. मी बंद करायला हात पुढे केला तर आईने माझं मनगट धरलं.

रेकॉर्डिंग पुढे चालूच होतं. लॅपटॉप झोपला नव्हता ना! त्या अख्ख्या दुपारची धांदल त्याने ऐकून ठेवली होती. फोनची घंटी, भांड्यांचे आवाज, आणि खोलीबाहेरून बाबांचा तो चिरका पण अजून जिवंत आवाज. माहा चष्मा कोनं उचलला बे? कैल्या, कापूस झाकला का ताडपत्रीनं? ते शर्ट नोको वं, त्याच्यात मी बुजगावणं दिसतो. आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला आईचं उत्तर. आई ऐकत राहिली. मधेच हसली, मग तोंडात पदर कोंबून रडली. मीही रडले.

संध्याकाळपर्यंत मी त्यातले तुकडे कापून वेगळे काढले आणि पडद्यावर प्रत्येकाचं एकेक चित्र करून ठेवलं. आवाज पूर्ण मोठा केला. दुसऱ्या दिवशी बाबांना टेबलापाशी बसवून सांगितलं, "टाळी बंद. इथे दोनदा दाबा." आई स्वयंपाकघरात होती. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं.

बाबांनी घाबरत माऊस धरला आणि दाबलं.

"अवं! च्या आज भेटते का येत्या पोळ्याले?" घर दणाणलं.

"ठेवला हाय ना!" आतून आई त्याच पट्टीत ओरडली. "दोनच हात हायेत मले! काऊन बोंबलून राह्यले?"

मग आतली भांडी एकदम थांबली. आई सांडशी हातात घेऊन दारात आली. तिने लॅपटॉपकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. बाबांनी चोरी पकडल्यासारखा हात मागे घेतला. आईचे डोळे वाहत होते, तिने ते पुसलेही नाहीत.

"अजी," ती म्हणाली, "अजून एकदा बोलवा ना मले."