फाइली खाणारा सर्व्हर

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे तीन आठवडे मी तपनबाबूंच्या नावाने बोटं का मोडत होते, ते समजायला सोपं जाईल.

एस्प्लनेडच्या आमच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासते. आमचा नवा प्रोग्राम रोज साडेदहाला गार्डन रीचच्या एका शिपिंग कंपनीच्या सर्व्हरवर मालाच्या याद्या पाठवायचा. आमच्याकडे ‘फाइल पाठवली’ असं ठसठशीत लिहून यायचं आणि बारा वाजता तपनबाबू फोल्डर उघडायचे, तर तो रिकामा. तो जुना सर्व्हर वीस वर्षं तेच सांभाळत होते. मी भर मीटिंगमध्ये त्यांच्या साहेबांना म्हणाले, की तुमचा सर्व्हर फाइली खातो आणि सांभाळणाऱ्याला पत्ताच नसतो.

शेजारी बसणारा अनीश मराठी घरातला, पण इथे बंगाली वस्तीत, बालीगंजमध्येच लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे त्याचं मराठी अडखळत चालतं. तो एवढंच म्हणाला, “वैदेहीताई, तू आपला लॉग पूरा पाहिला काय?” आपल्या लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, फक्त मोठ्या गोष्टींची नोंद होते; नोंदींची पातळी वाढवली, तर सर्व्हरला दिलेली एकेक आज्ञा दिसेल, असं त्याचं म्हणणं. मला शिकवू नकोस, असं मी त्याला सुनावलं आणि तो चहाला गेल्यावर गुपचूप सेटिंगमधली ती एक ओळ बदलली.

दुसऱ्या दिवशी लॉग उघडला. आधी पासवर्डच उघडाबोडका समोर आला, तो घाईघाईने झाकला. मग साडेदहाला ‘स्टोर’, म्हणजे ठेवून घे. नऊ फाइली, नऊ वेळा सर्व्हरचं उत्तर, ‘मिळाली’. सर्व्हर तर आपलं काम चोख करत होता; मी हिरमुसले. मग अकरा वाजून दोन मिनिटांनी ‘डेले’, म्हणजे पुसून टाक. तेही नऊ वेळा.

पुसा म्हणून सांगणारी, रोज अकराला आपोआप चालणारी माझीच चाचणी होती. आपण मांडलेला पसारा आपणच आवरायचा, या घरच्या शिस्तीने मी चाचणीच्या शेवटी फोल्डर साफ करायला लावला होता. पण तोच फोल्डर खऱ्या याद्यांचाही होता.

चाचणीतली ती एक ओळ खोडली असती, तर सगळं मिटलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. अनीशने माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि तो आपल्या कामाला लागला. मला माझी भयंकर लाज वाटली. शेवटी तपनबाबूंना फोन लावला.

तपनबाबूंनी सगळं ऐकून घेतलं. मग हिंदीत हळूच म्हणाले, की त्यांनी कालच साहेबांना लिहून दिलंय, ‘आता हे काम माझ्याकडून होत नाही, दुसऱ्या कुणाला द्या.’

लॉगचे कागद छापून मी गार्डन रीचची मिळेल ती बस पकडली. त्यांच्या साहेबांसमोर चूक माझी आहे, असं स्वतःचं नाव घेऊन सांगितलं आणि तपनबाबूंचा तो अर्ज परत मागून घेतला. तपनबाबूंनी अर्जाकडे पाहिलंही नाही. चष्मा लावून ते लॉगच्या ओळींवरून बोट फिरवत राहिले.

“म्हणजे फाइली रोज पोचत होत्या?” त्यांनी विचारलं.

“रोज. एकूण एक.”

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.