मागचं बघणारा

दिनानाथ आणि भावेश यांच्या मोटारसायकली दोन, पण सिग्नलला उभे राहायचे एका जिवाने. खांदा कॉलनीतून न्हावा शेव्याला कामाला जायचं म्हणजे आख्खा रस्ता कंटेनरच्या ट्रेलरांबरोबर. आणि चालत्या ट्रेलरपेक्षा सिग्नलला मागून येणारा ट्रेलर वाईट. त्याचा ब्रेक लागला तर लागला, नाही तर पुढचे गेलेच. म्हणून दिनानाथनेच पद्धत घालून दिली होती. गाडी पहिल्या गिअरात, क्लच दाबलेला, पुढे निसटायला फट ठेवून उभं राहायचं. त्याने दिव्याकडे बघायचं, भावेशने आरशात. मागचा थांबत नाहीसा दिसला की भावेशने दोनदा हॉर्न मारायचा आणि दोघांनी सुटायचं, मग दिवा लाल असो नाही तर काळा.

हे इतकी वर्षं चाललं की दिनानाथने स्वतःच्या आरशात बघायचंच सोडलं. भोळेपणा म्हणा की मूर्खपणा. पण उरणच्या खाडीत एका होडीत वाढलेले हे दोघे. होडीत एक जण वल्हं मारतो, दुसरा पाण्यावर नजर ठेवतो. वल्हं मारणारा काय घडीघडी वळून बघतो का?

गणपती गेले आणि त्याच आठवड्यात तो ट्रेलर आला. दिवा लाल होता. भावेशची गाडी एकाएकी दिनानाथच्या पुढच्या चाकासमोरून तिरपी निघाली आणि पुढे उभा असलेला टँकर नि दुभाजक यांच्या मधल्या फटीत घुसली. याला आज कसली एवढी घाई, असं दिनानाथच्या मनात आलं, तोवर मागून दणका बसला. पायाचा चुरा झाला. जीव वाचला हेच नशीब, असं सगळे म्हणाले.

हॉस्पिटलात भावेश ढसाढसा रडला. म्हणाला, मी हॉर्न मारला रे, परत परत मारला, तुला ऐकूच गेला नाही. आणि हा आमचा शहाणा पलंगावर पडल्यापडल्या त्याचीच समजूत घालत होता.

दोघं कामाला होते त्या कंटेनरच्या यार्डातही भावेशने तेच सांगितलं. आता दिनानाथचं काम काय, तर क्रेनखाली उभं राहून वॉकीटॉकीवर ऐकायचं आणि वरच्याला इशारे द्यायचे. तिथे ऐकण्यात चूक झाली तर माणूस कंटेनरखाली जातो. प्लास्टर निघाल्यावर तो काठी टेकत कामावर गेला, तर साहेबांनी फाटकातूनच परत पाठवला. आधी कान तपासून ये म्हणाले. दिनानाथला राग आला नाही. त्याला ते पटलंच. घरी तो बायकोला, शांतीला, मुद्दाम हळू बोलायला लावायचा, आणि शब्दन् शब्द ऐकू आला तरी स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवायचा नाही. शांती वैतागायची. भावेश खोटं कशाला बोलेल, असं तो तिलाच दटावायचा.

डॉक्टरांनी तपासलं आणि कान ठणठणीत असल्याचं सांगितलं. शांतीने तिथेच देवाला हात जोडले. दिनानाथचं तोंड मात्र उतरलं. कान ठीक, मग हॉर्न कुठे गेला?

रविवारी भावेश नेहमीसारखा बोंबील घेऊन आला. अपघातापासून एक रविवार त्याने चुकवला नव्हता. शांती बोंबील साफ करायला आत गेली, तेव्हा दिनानाथने विचारलं.

"भावेश, हॉर्न मारलास का तू?"

भावेशने तीच टेप सुरू केली. दिनानाथने डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.

"एकच गाडी निघल येवढीच फट होती," भावेश म्हणाला. "आन ती तुझ्या तोंडासमोर. हॉर्न मारला असता तर तू आधी गेला असतास."

घाबरला असेल, हाताला घाम आला असेल, भान सुटलं असेल, या सगळ्याची माफी दिनानाथने मनात तयार ठेवली होती. देऊनही टाकली असती, त्याचं काय जात होतं? पण हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. ट्रेलर अंगावर येत असताना या माणसाने दोघांपैकी एक निवडला होता, आणि वर त्याला बहिरा ठरवून त्याच्या पोटावर पाय दिला होता.

"माझी पोरं लहान हायत, दिना. तुझी हाताशी आलीत," भावेश म्हणाला. "माझ्या जागी तू काय केलं असतंस?"

"मी हॉर्न मारला असता," दिनानाथ म्हणाला. "आन तुला ते ठाव हाय."

भावेशने मान हलवली. ठाऊक होतंच त्याला. मग आवाज अगदी खाली आणून त्याने विनवलं, की यार्डात एवढं सांगू नको.

पाय मोडला तेव्हा दिनानाथच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, आता मात्र त्याला हुंदका आवरेना. ते ऐकून शांती मासळीच्या हातांनीच धावत आली आणि दारात उभी राहून काय झालं, काय झालं, म्हणून विचारू लागली. भावेश उठला होता, पण दारात ती आडवी.

"बाजूला हो, शांती," दिनानाथ म्हणाला. "त्याला जाऊ दे."